पिठलं-भाकरीची चौकशी

“पिठलं-भाकरी म्हणजे जेवण नव्हे, असं लिहून घेऊ का?” केळशीकरांनी विचारलं.

“घ्या,” धनवडेसाहेब म्हणाले.

“मग ते काय आहे?”

साहेब जरा थांबले. कार्यकारी अभियंता माणूस. धरणाच्या भिंतीबद्दल विचारलं असतं तर थांबले नसते. “न्याहारी म्हणता येईल,” ते म्हणाले.

केळशीकरांनी ते लिहून घेतलं. ते निवृत्त अधिकारी, खात्यानं चौकशी अधिकारी म्हणून नेमलेले, आणि सगळं स्वतःच्या हातानं, अक्षर न् अक्षर सुटं काढत लिहायचे. आम्ही आंबेदरा धरणाच्या विश्रामगृहात जेवणाच्या लांब टेबलाभोवती बसलो होतो. एका बाजूला खात्याची बाजू मांडणारे कनिष्ठ अभियंता पोतनीस. दुसऱ्या बाजूला मी, मालन शिंत्रे, उपविभागातली आवक-जावक लिपिक. आणि माझ्या शेजारी, खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेले बाबालाल मुलाणी, त्याच विश्रामगृहाचे निलंबित खानसामा. इतकी वर्षं ज्या टेबलावर वाढलं त्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायची त्यांची ती पहिलीच वेळ होती, आणि ती त्यांना मुळीच आवडलेली नव्हती.

प्रकरण साधं होतं. त्या विश्रामगृहात शिधा साठवून ठेवायची पद्धत नव्हती. ज्याला जेवायचं असेल त्यानं सकाळी कळवायचं. मग बाबालाल घाट उतरून बाजार करून आणायचे, आणि मग जी कोंबडी व्हायची तिची आठवण काढत माणसं बदलीच्या गावी दिवस काढायची. न कळवता कुणी आलं तर त्याला पिठलं-भाकरी. तिचं पीठ, तेल, कांदा सगळं बाबालालच्या घरचं, आणि त्याचे ते काही घेत नसत. मंत्री असो की कालव्यावरचा पाटकरी, नियम हाच. तो कुणी केला होता हे कुणालाच माहीत नव्हतं. बहुतेक बाबालालनीच केला असावा.

एका रविवारी धनवडेसाहेब जेवणवेळ टळून गेल्यावर मेहुण्याला आणि मेहुण्याच्या मित्रांना घेऊन आले. कळवलेलं नव्हतं. गावठी कोंबडीचं वर्णन मात्र घाटभर करून झालं होतं. बाबालालनी हातावर पाणी घातलं, ताटं मांडली आणि पिठलं-भाकरी वाढली. मेहुणा हसला. तो नुसता हसला असता तरी निभावलं असतं, पण तो म्हणाला, “दाजी, तुमची इथं बरीच वट दिसतीय.” साहेब ताटावरून उठले. आठवडा उलटायच्या आत बाबालाल निलंबित झाले. आरोप असा, की वरिष्ठांच्या अतिथींना भोजन देण्यास नकार देऊन त्यांनी शासनाची प्रतिमा मलिन केली.

तक्रार साहेबांची. निलंबन साहेबांच्या सहीचं. चौकशी नेमली साहेबांनी, साक्षीदार साहेब, आणि अहवाल आल्यावर शिक्षा ठरवणारेही साहेबच. हे मी सकाळी उभं राहून सांगितलं. केळशीकरांनी माझं बोलणं संपेपर्यंत ऐकलं, ‘हरकत नोंदवली’ असं लिहिलं आणि म्हणाले, “बसा बाई. साक्ष सुरू करू.” त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नसे.

अशा चौकशीत आरोप असलेल्या माणसाला खात्यातलाच एक जण मदतीला घेता येतो, त्याला बचाव सहायक म्हणतात. बाबालालनी ऑफिसात सगळ्यांना विचारून पाहिलं होतं. सगळ्यांनी त्यांना चहा पाजला आणि मुलांच्या शाळा सांगितल्या, कारण बदल्या साहेबांच्या हातात होत्या. माझी बदली करून झालेली होती. आंबेदऱ्याहून वाईट जागा त्यांच्याकडे नव्हती, म्हणून मी हो म्हणाले. बाबालालबद्दल माया होती, हेही आहेच. मी तिथं एकटी राहायला आले तेव्हा पहिला महिना त्यांची खैरूनबी मला रोज भाजी पाठवत होती.

पोतनीसांनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, “शिंत्रेबाई, बडतर्फीच आहे बरं का. वरून ठरलंय. तुम्ही जिवाला त्रास करून घेऊ नका.” बडतर्फी म्हणजे पेन्शन गेली. आणि विश्रामगृहामागच्या दोन खोल्याही गेल्या. बाबालाल प्रकल्पग्रस्त, गाव या धरणात गेलं म्हणून त्यांना ही नोकरी मिळालेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते व्हरांड्यातून हात लांबवून दाखवायचे, “त्यो वडाचा बुंधा दिसतोय का? त्याच्या डाव्या अंगाला माझं घर.” नोकरी गेली असती तर जायला तेवढीच जागा होती, आणि तिच्यावर पाणी होतं.

धनवडेसाहेबांनी साक्षीवर सही केली आणि जेवायला जिल्ह्याच्या गावी निघून गेले. गाडी घाटात दिसेनाशी झाली तसं केळशीकरांनी पेनाचं टोपण लावलं.

“भोजनाची सुट्टी. पोतनीस, जेवणाची व्यवस्था काय आहे?”

“विश्रामगृहातच सांगितलंय सर.”

“कुणाला?”

मग आम्ही सगळ्यांनी बाबालालकडे पाहिलं. बाबालाल टेबलाकडे बघत होते.

झालं होतं ते असं. विश्रामगृहाला खानसामा एकच. त्याला निलंबित केलं. मग त्याची चौकशी त्याच विश्रामगृहात ठेवली, कारण पाहुण्या अधिकाऱ्याची जेवणाची सोय तिथं उत्तम होते. स्वयंपाकघराला कुलूप होतं आणि किल्ली जिल्ह्याच्या ऑफिसात, धनवडेसाहेबांच्या कपाटात. ही चूक कुणा एकाची म्हणता येणार नाही. तिच्यावर पाच सह्या होत्या.

पोतनीसांनी जीप खाली गावात पिटाळली. मोबाइल वगैरे यायच्या आधीचे दिवस. जीप गेली म्हणजे गेली. आम्ही व्हरांड्यात बसून राहिलो. केळशीकर आरामखुर्चीत सरळ बसून सकाळचे कागद वाचत होते. जीप काही येईना. घाटात बैलगाड्या आडव्या आल्या होत्या, असं मागाहून कळलं.

बाबालाल पायरीवर बसले होते. निलंबित माणसानं मुख्यालयी हजर राहायचं असतं, आणि त्यांचं मुख्यालय म्हणजे ती पायरी. तिथूनच ते मला हळू आवाजात म्हणाले, “बाई, सायबांची बोटं बगा.”

कागद थरथरत होता. केळशीकरांच्या कपाळावर घाम होता आणि वारा तर चांगला गार सुटला होता.

“साहेब, बरं वाटत नाही का?” मी विचारलं.

“साखरेचा आजार आहे,” ते म्हणाले. शब्द जड पडत होते. “सकाळी इंजेक्शन घेतलंय. जेवण वेळेवर लागतं. येईल जीप.” आणि कागद त्यांच्या हातातून खाली पडला.

बाबालाल उठले. मी त्यांचा हात धरला. “थांबा. तुम्ही निलंबित आहात. कशाला हात लावलात तर उद्या तोच आरोप होईल. पोतनीस, तुम्ही लिहून द्या.”

“मला अधिकार नाहीत,” पोतनीस म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मग तोंडी सांगा.”

“तोंडी तर मुळीच नाहीत.”

“तुमचं दोघांचं ठरस्तवर सायेब जातील,” बाबालाल म्हणाले, आणि माझा हात सोडवून मागे पळाले. साठीला आलेला माणूस; त्यांना पळताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

ते गुळाचा खडा घेऊन आले. केळशीकरांचं डोकं छातीला टेकवून धरलं आणि लेकराला भरवावा तसा गूळ त्यांच्या ओठांत सरकवला. “चावू नगा. निस्ता चघळा. हां, असं.” मागच्या खोल्यांतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. खैरूनबीनं कुणाला न विचारता चूल पेटवली होती.

थोड्या वेळानं केळशीकरांच्या डोळ्यांत ओळख आली. मग समोर ताट आलं. जोंधळ्याची भाकरी, पिठलं, बाजूला तव्यावर भाजलेली मिरची. ते जेवले. हळूहळू, शेवटचा घास ताट पुसून. पोतनीसांनी दोन-तीनदा नको म्हटलं आणि मग तीन भाकऱ्या खाल्ल्या. मीही जेवले.

हात धुऊन केळशीकर टेबलाशी येऊन बसले. “मुलाणी,” ते म्हणाले, “त्या दिवशी साहेबांच्या पाहुण्यांना हेच दिलं होतं का?”

“हेच सायेब. त्या दिवशी कांदा हुता संगं. आज घरात न्हाई.”

मला इतका आनंद झाला होता की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी फाईल चाळायला लागले. आता आणखी काय पुरावा हवा? न्यायाधीशानं आरोप चाखून बघितला होता.

केळशीकरांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि मग वाचून दाखवलं. आपण अपचारी, म्हणजे आरोप असलेल्या, कर्मचाऱ्याच्या घरचं अन्न ग्रहण केलं आहे, सबब या प्रकरणात चौकशी अधिकारी म्हणून काम पाहणं उचित होणार नाही, सबब आपल्याला या कामातून मोकळं करावं.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी उभी राहिले. “साहेब, हे काय करताय?”

“वाचलं ते.”

“तुमच्या जागी कोण येईल ठाऊक आहे?”

“अंदाज आहे.”

“मग? तुम्हाला खरं काय ते दिसलंय. तुम्ही लिहिलंत तर माणूस वाचेल.”

“मी निर्दोष लिहिलं, तर धनवडे म्हणतील म्हातारा पिठल्याला जागला. आणि चूक म्हणणार नाहीत. दोषी लिहिलं, तर मी खोटं लिहिलं. बाई, ज्याच्या हातचं खाल्लं त्याचा निवाडा करता येत नाही.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “कुणालाच येत नाही.”

“पोतनीसही जेवलेत,” मी म्हणाले.

“ते त्यांनी बघावं.”

पोतनीस खिडकीबाहेर धरण बघत होते.

त्या माणसाचा मला जो संताप आला, तो आजही आठवतो. जीव वाचवणाऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडून हा आपलं सोवळं सांभाळत निघाला, असंच मला वाटलं. मी ते बोलूनही दाखवलं, या शब्दांपेक्षा थोड्या वाईट शब्दांत. केळशीकरांनी ऐकून घेतलं. जीप आली होती, डब्यात पुऱ्या आणि श्रीखंड होतं. ते तसंच ठेवून ते जीपमधून गेले. बाबालाल मागं नळावर त्यांचं ताट घासत होते.

“तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?” मी त्यांना विचारलं.

“वाटतंय की,” ते म्हणाले. “पर भुकं ऱ्हायला असता तर जास्ती वाटलं असतं.”

नवे चौकशी अधिकारी कणसेसाहेब आले. ते धनवडेसाहेबांबरोबर एकाच वर्षी नोकरीला लागलेले, आणि तसं ते स्वतःच अभिमानानं सांगायचे. त्यांनी स्वतःचा डबा आणला, थर्मास आणला, आणि काम झटपट उरकायला घेतलं. मेहुण्याची लेखी साक्ष आली; मी त्याला उलट प्रश्न विचारायची मागणी केली, ती ‘आवश्यकता वाटत नाही’ म्हणून नाकारली गेली. पुढची तारीख बचावाच्या साक्षीदारांची.

“तुमचे साक्षीदार कोण?” कणसेंनी त्या दिवशी विचारलं. साक्षीदार कुणीच नव्हतं. खैरूनबी होती, पण बायकोची साक्ष घेणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलेलं. मी उठून तेच सांगणार होते, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“मी आहे.”

केळशीकर दारात उभे होते. घाटाखालच्या फाट्यावर एसटी सोडते, तिथून चालत आले होते. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं, हातात कापडी पिशवी. मी त्यांना बोलावलं नव्हतं. बोलवायचं मला सुचलंही नव्हतं. इतके दिवस मी त्यांना मनातल्या मनात शिव्याच देत होते.

कणसे उठून उभे राहिले, मग आपण का उठलो ते न कळून खाली बसले. “सर, तुम्ही साक्षीदार कसे होणार? तुम्ही तर चौकशी अधिकारी होतात.”

“म्हणून तर ते सोडलं,” केळशीकर म्हणाले. “दोन्ही होता येत नाही.”

त्यांनी शपथ घेतली. मी विचारलं, त्यांनी सांगितलं. त्या दिवशी काय झालं, काय खाल्लं, मुलाणींनी काय उत्तर दिलं. मग उलटतपासणीला पोतनीस उठले. त्यांना बिचाऱ्यांना काय विचारावं ते सुचत नव्हतं.

“किती भाकऱ्या खाल्ल्या तुम्ही?”

“दोन. तुम्ही तीन.”

“माझा प्रश्न नाही,” पोतनीस घाईनं म्हणाले.

“बरं.”

आता कणसेंनीच सूत्रं हातात घेतली. “केळशीकरसाहेब, तुम्ही इतकी वर्षं अधिकारी होतात. पिठलं-भाकरी म्हणजे भोजन, असं तुमचं म्हणणं आहे?”

केळशीकरांनी थोडा विचार केला. “मी पडलेला होतो,” ते म्हणाले. “ते खाल्लं आणि उठून बसलो. माणूस ज्यानं उठून बसतो, त्याला आमच्या घरी जेवणच म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात ते लिहून घ्या.”

कणसेंनी लिहून घेतलं. न घेऊन चालणार नव्हतं, कारण साक्षीदार समोर बसून प्रत्येक अक्षर बघत होता, आणि एका ठिकाणी त्यांनी वेलांटीही दुरुस्त करायला लावली.

मला रडू आलं. मी पदर तोंडाला लावून खोकल्याचं सोंग केलं.

काम संपल्यावर बाबालाल व्हरांड्यात आले. “सायेब, चालत आलाय. भाकरी टाकायला सांगतो.”

“नको.”

“च्या तरी.”

“निकाल लागेपर्यंत पाणीसुद्धा नको, मुलाणी. तुमच्यासाठीच नको.” त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेली पोळी काढली, पायरीवर बसून कोरडीच खाल्ली, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्याले आणि फाट्याच्या दिशेनं चालायला लागले. बाबालाल बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभे राहिले. पाहुणा आपल्या दारातून न जेवता जातोय, याचं दुःख त्यांच्या तोंडावर निलंबनाच्या दुःखाहून मोठं दिसत होतं.

निकाल यायला पावसाळा उलटावा लागला. धनवडेसाहेब तोवर बढतीवर गेले होते, त्यांना काही झालं नाही. नव्या साहेबांनी फाईल वाचली, आणि पोतनीस मला म्हणाले तसं, “ती म्हाताऱ्याची साक्ष आहे ना, ती असताना बडतर्फ केलं तर कोर्टात दोन मिनिटं टिकणार नाही.” कणसेंनाही ते कळलेलं असावं. त्यांच्या अहवालात असं होतं, की अतिथींना भोजन दिल्याचं दिसून येतं. मात्र सोबत पापड वा लोणचं न दिल्यानं आरोप अंशतः सिद्ध होतो. शिक्षा: ठपका. बाबालालना कामावर रुजू करून घेण्यात यावं.

मी भडकले. “आपण अपील करू. हा ठपकासुद्धा अन्याय आहे.”

“ऱ्हाऊ द्या बाई,” बाबालाल म्हणाले. “पापड नव्हता, हे खरं हाय.”

किल्ली आली. त्यांनी स्वयंपाकघर उघडलं, जाळी काढली, फरशी दोनदा धुतली. त्यानंतरच्या एका दुपारी, जेवणवेळ टळून गेल्यावर, मी विश्रामगृहात वीजबिल द्यायला गेले होते, तर फाट्याकडून कुणीतरी कापडी पिशवी घेऊन चालत येत होतं.

केळशीकर सरळ आत आले आणि लांब टेबलाच्या टोकाशी बसले. आम्हा दोघांकडे पाहून त्यांनी मान हलवली, जणू कालच भेटलो होतो.

बाबालाल लगबगीनं पुढं झाले. “सायेब, जरा बसा. खाली जातो न् कोंबडी घिऊन येतो. आत्ता आलो.”

“नको,” केळशीकर म्हणाले. “मी सकाळी कळवलेलं नाही.”

बाबालाल जागच्या जागी थांबले. मग ते मागं वळून आपल्या घराकडं गेले, आणि थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. ताट आलं. केळशीकरांनी ते नीट पाहिलं. भाकरी, पिठलं, मिरची, बुक्की मारून फोडलेला कांदा, आणि अगदी कडेला, भाजलेला एक पापड.

“हा कशाला?” त्यांनी विचारलं.

“ठपका हाय माझ्यावर,” बाबालाल म्हणाले.

केळशीकरांनी पापड उचलला, त्याचे तीन तुकडे केले, एक मला दिला, एक बाबालालना दिला, आणि मग शेजारची खुर्ची पायानं मागं सरकवली.

“बसा,” ते म्हणाले. “आता चौकशी नाही.”

बाबालाल बसले. या वेळी ते कडेला बसले नाहीत.